कपडे वाजायला लागले

परवा दुपारी गच्चीवर कपडे वाजायला लागले आणि मी हातातला चहा तसाच ठेवून उठलो.

कपडे वाजतात हे पुण्यामुंबईच्या माणसाला पटायचं नाही. त्यांचे कपडे फार तर फडफडतात. आमच्या खानदेशात वैशाखात बोअरच्या पाण्यात धुतलेला कपडा अर्धा तास दोरीवर राहिला की त्याचा पत्रा होतो. मग गरम वारा सुटला की पत्र्यावर पत्रा आपटतो. खट. थोडं थांबून परत खट. दारावर कुणी आलंय, बेल सापडत नाही म्हणून बोटाच्या पेरानं ठोकतंय, असा तो आवाज. दार उघडावं तर कुणी नाही. समोर उन्हाचा पांढरा पडदा आणि दोरीवर आपलीच पँट.

धुळ्यात नळ आठव्या दिवशी येतो, यंदा तो आठवा दिवस बाराव्या दिवशी उगवायला लागला. म्हणून अख्खी कॉलनी बोअरवर आली. मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. पाणी जड की हलकं, त्यात चुना किती, हे काचेच्या नळीत थेंब थेंब सोडून मुलांना दाखवणं हे माझं काम. आमच्या बोअरच्या पाण्याचा नमुना मीच नेऊन तपासला. त्यात इतका चुना निघाला, की गाळून घेतला असता तर दिवाळीला एक खोली रंगवून झाली असती.

मी वाढवून सांगतो, असं माझी मुलगी प्राजू म्हणते. बरोबर आहे तिचं. घरात एकानं तरी वाढवून सांगायलाच लागतं, नाहीतर आहे तेवढंच शिल्लक राहतं. पण वाचणाऱ्यानं काळजी करू नये. जिथं मी वाढवणार नाही तिथं माझा आवाज आपोआप खाली येईल.

तो आवाज ऐकला आणि मी पंचवीस वर्षं मागे असोद्याच्या अंगणात जाऊन पडलो. जळगावच्या अगदी खेटून असलेलं आमचं असोदा. कापूस, केळी, काळी माती, आणि केळीचा चीक लागलेले कपडे. हा चीक एकदा लागला की जात नाही. माणूस जातो, डाग राहतो. आमच्या गावात कुणाचा शर्ट कुणी चोरू शकत नसे, कारण प्रत्येकाचे डाग गावाला पाठ होते.

त्या वैशाखात आमच्या आडाची दोरी पहिल्यांदा कोरडी वर आली. मग अंगणात बोअर झाली. सहाशे फुटांवर पाणी लागलं तेव्हा गल्लीनं पेढे खाल्ले. आठवडाभरात त्याच गल्लीतले सगळे कपडे उभे राहायला लागले. शेजारच्या नानांनी वाळलेलं धोतर घडी करून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, तर दुपारी पोस्टमन त्यालाच पत्र देऊन गेला. माझी पँट मी दोरीवरून काढली तर ती ओट्यावर दोन पायांवर उभी राहिली, आणि शपथेवर सांगतो, गुडघा न वाकवता दोन पावलं चालली. टॉवेलनं तोंड पुसलं की दाढी वेगळी करायची गरज नसे. गाव हसत होतं. आम्हीही हसत होतो. आमच्या घरात एकच माणूस हसत नव्हता, ती माझी माय.

कारण आबांची पाठ.

मी दहा वर्षांचा होतो तेव्हा आबा एका जिनिंगात बॉयलरवर होते. कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेसला लागणारी वाफ ते सांभाळत. एका सकाळी नळीचा जोड सुटला. आबांनी पाठ फिरवली म्हणून तोंड वाचलं. मानेपासून कमरेपर्यंतची पाठ गेली. चार महिन्यांनी ते घरी आले तेव्हा त्या पाठीवर नवी कातडी होती, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी. गुलाबी, चकचकीत, आणि तिला घाम येत नव्हता. डॉक्टर मायला म्हणाले होते, "बाई, ही कातडी एकदाच मिळाली आहे. काही घासू देऊ नका. परत उघडली तर मिटायची नाही."

एवढंच. पुढची दहा वर्षं आमच्या घरात जे काही झालं ते या एका वाक्याभोवती झालं.

नवं कापड आबांना चालेना. नव्या शर्टात कांजी असते, शिवणीला धार असते, कॉलर बांबूची असते. तासाभरात पाठीवर लाल रेघा उठत. मग मायनं एक व्यवस्था लावली. अशी व्यवस्था पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कुठल्या घरात असेल तर मी मिशी काढून देईन. घरोघरी बापाचे जुने कपडे पोरगा घालतो. आमच्याकडे पोराचे जुने कपडे बाप घालायचा. आबांच्या मापाचा नवा शर्ट शिवायचा आणि तो वर्षभर मी घालायचा. मी त्यात शेतात जायचं, घाम गाळायचा, केळीच्या बागेत मात्र जायचं नाही, आणि आठवड्यातून दोनदा तो मायच्या हवाली करायचा. वर्षभरानं त्याचं कापड मऊ पडलं की तो आबांच्या खुंटीवर चढे आणि मला पुढचा कोरा मिळे; असे तीन-चार शर्ट कायम चालू असत. म्हणजे मी बापाचे कपडे जुने करायच्या नोकरीवर होतो.

आबा बॉयलरएवढे रुंद. मी उसाचं चिपाड. त्या शर्टात मला हुडकायला लागायचं. जळगावच्या कॉलेजात गेलो तेव्हा पहिल्याच दिवशी एकजण म्हणाला, "काय भो, शर्ट तुले घालून आला का?" दुसरा म्हणाला, "गप रे, आत अजून दोघं हायेत." वारा आला की मी फुगायचो. एकदा सायकलवरून येताना शर्टात असं वारं भरलं की आमचं गाव सोडून मी पार पुढं नशिराबादला उतरलो. मायकडे तक्रार केली तर ती म्हणायची, "घाल रे बापा. तुझ्या अंगाले काय धाड भरली? आबाच्या पाठीत जायाच्या लायक करायचा हाये त्याले."

मायचं धुणं बघायला मी लहानपणी ओट्यावर बसत असे. ती कपड्याला मोगरी लावत नसे. गल्लीत सगळ्या बाया धपाधप बडवायच्या, आमच्या दारात आवाज नाही. आधी कपडा उलटा करायची, साध्या पाण्यात नुसता बुडवून ठेवायची, घाम आपला आपण सुटू द्यायची. मग रिठ्याचं पाणी. रिठे साक्रीच्या बाजारातून यायचे, डोंगरातल्या बाया टोपलीनं विकायला आणत. मामा वर्षाचे एकदम पाठवून द्यायचा. साबण ती लावायची फक्त कॉलरला, तोही बोटानं. मग तीन पाण्यांतून काढायची. तिसरं पाणी हातात घेऊन बघायची, त्यात तळहाताच्या रेषा स्पष्ट दिसल्या तरच ते शेवटचं. पिळायची नाही, दोन्ही हातांनी झटकायची. वाळत घालायची तो निंबाच्या सावलीत. "उन्हात कापड मरते," म्हणायची. थोडी ओल राहिली असतानाच उतरवून चारी बाजूंनी हळू ताणायची, रडणाऱ्या पोराचे हातपाय सरळ करतात तशी. आणि सगळ्यात शेवटी गाल.

घडी करण्याआधी माय कपडा उजव्या गालाला लावायची. डोळे मिटून. दोन श्वास. मग एकतर मान हलवायची आणि खुंटीवर ठेवायची, नाहीतर काही न बोलता परत बादलीत टाकायची. दहा वर्षांत त्या गालानं सांगितलेलं कधी चुकलं नाही. आम्ही त्याला घरात हायकोर्ट म्हणायचो.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच खटकायची. शर्ट जितका मऊ होई तितका त्याच्यातून पलीकडचं जास्त दिसे. आबांचा सगळ्यात आवडता आकाशी शर्ट उजेडात धरला की मला अंगणातल्या निंबाची पानं मोजता यायची. मऊ होणं म्हणजे दुसरं काय असतं? प्रत्येक धुण्यात कापड थोडं थोडं पाण्याबरोबर निघून जातं, आणि जे जायच्या बेतात आहे त्याचा स्पर्श आपल्याला सुखाचा वाटतो. माय म्हणायची, मऊ पडल्यापासून फाटेपर्यंत कापडाची दहा-पंधरा धुणी असतात. माझे आबा दहा वर्षं त्या दहा-पंधरा धुण्यांत राहिले. एक शर्ट संपायच्या आत दुसरा तिथं पोचायला हवा होता. ती साखळी कुठं तुटली तर काय होईल, हे कुणी बोलत नसे.

बोअरच्या पाण्यानं ती साखळी दोन आठवड्यांत खिळखिळी केली. रिठ्याला फेस येईना. साबण फाटून दह्यासारखा बादलीत तरंगू लागला. माय तीनऐवजी सहा पाणी बदलू लागली, पण पाणीच चुन्याचं, तर बदलून काय होणार? सावलीत वाळवलेला शर्टसुद्धा वाजू लागला. ती गालाला लावायची, दोन श्वास घ्यायची, आणि परत बादलीत. परत गाल, परत बादली. तिच्या गालावर एक खरबरीत लाल चट्टा पडला होता, तो तिला दिसत नव्हता. शेवटी एका संध्याकाळी ती शर्ट हातात घेऊन तशीच बसून राहिली. "हे कापड नही, पत्रा हाये," एवढंच म्हणाली. त्याच रात्री आबांच्या पाठीवर, मणक्याच्या डाव्या बाजूला, एक लाल रेघ उठली.

डॉक्टरांनी रेघ बघितली. बाहेर खिडकीच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. "पाऊस येईपर्यंत सांभाळा," ते म्हणाले. "एवढ्या उन्हात ही उघडली, तर मला बोलवून उपयोग नाही."

तेव्हा मायनं ठरवलं, धुणं धुळ्याला जाईल.

माझी अक्का, म्हणजे मोठी बहीण, धुळ्यात दिलेली. तिच्याकडे आठव्या दिवशी नळ यायचा, धरणाचं गोडं पाणी. माझी परीक्षा संपली होती. त्यामुळे दर नळाच्या दिवशी पहाटे मी आबांच्या शर्टांचं, चादरींचं आणि बनियनींचं गाठोडं डोक्यावर घेऊन जळगावच्या स्टँडवर यायचो आणि धुळ्याची एस.टी. धरायचो. एरंडोल, पारोळा, मग धुळे. नव्वद किलोमीटर. कंडक्टरनं पहिल्यांदा विचारलं, "काय आहे रे गाठोड्यात?" म्हटलं, "धुणं." त्यानं बेल मारायचा हात तसाच ठेवला. "धुणं? धुळ्याला?" मागून एक म्हातारेबुवा ओरडले, "जाऊ दे ना भाऊ, पोरगा कापडाले सासरी पोचवाले चालला!" पुढच्या फेरीपासून सगळी गाडी मला ओळखायची. कुणी म्हणायचं, माझंही धोतर घेऊन जा. पारोळ्याचा चहावाला खिडकीशी येऊन विचारायचा, "धोबीशेठ, साखर कमी का जास्त?"

अक्का लग्नानंतर वर्षभरातच आमचं 'हाये' सोडून धुळ्याचं 'शे' म्हणायला लागली होती. सगळं धुणं उचलून आणलंस का म्हणून दारातच कमरेवर हात ठेवून ती ओरडायची, "बठ्ठं धुनं लई उना का रे? तुमना असोदामा पानी नई शे का?" आणि मग आवाज उतरवून, "आबा कसा शेतस?" ते दुसरं वाक्य ऐकायला मला आवडायचं नाही. मी म्हणायचो, मजेत आहेत. नळ दीड तास चालायचा. त्या दीड तासात ती स्वतःचं पाणी भरायचं सोडून आबांचे शर्ट मायच्या पद्धतीनं तीन पाण्यांतून काढायची. तिच्या पोरांना पुढचे आठ दिवस पाणी मोजून मिळायचं. ती कधी बोलली नाही. पोरांनी मला एकदा सांगितलं.

चार फेऱ्या झाल्या. पाठीवरची रेघ फिकी पडत चालली होती. मृगाचा पाऊस यायला दहा-बारा दिवस उरले होते. पाचव्या फेरीला मी धुळ्याला गेलो नाही.

इथं खरं तर मला एखादी दरड कोसळवायला हवी. गाडी पंक्चर, रस्ता बंद, काहीही. मला तसं सांगता येतं. पण झालं एवढंच, की जळगावच्या स्टँडवर कॉलेजातले मित्र भेटले. त्यांच्यातल्या एकाचं लग्न, दुपारी बँड, आणि मला नाचायचं होतं. महिनाभर डोक्यावर धुणं वागवलेल्या वीस वर्षांच्या पोराला नाचायचं होतं. मी गाठोडं एका मित्राच्या खोलीवर टाकलं आणि गेलो. संध्याकाळी शुद्धीवर आलो तेव्हा शेवटची गाडी गेलेली, आणि मित्राच्या खोलीवरही बोअरचंच पाणी.

कोपऱ्यावर एक किराणा दुकान होतं. दुकानदाराला म्हटलं, कपडे मऊ करायला काही आहे का? त्यानं फळीवरून एक निळी बाटली काढली. नवीनच आली होती. "एक झाकण टाकायचं शेवटच्या पाण्यात," तो म्हणाला, "गोधडीचं लोणी होतं."

एक झाकण. भाजीवर बोटभर तेलाचा तवंग दिसला नाही तर पाहुण्याला उपाशी ठेवलं असं समजणारी माणसं आम्ही. शेवेच्या भाजीत शेव बुडून मरेल इतकी तर्री लागते आम्हाला. आम्ही एका झाकणावर थांबतो होय? आबांची पाठ होती. खोलीवर कपडे धुऊन शेवटच्या पाण्यात मी अर्धी बाटली ओतली. मग वाटलं, उरलेली तरी कशाला ठेवायची. पुन्हा साध्या पाण्यातून काढले तर मऊपणा निघून जाईल, म्हणून तसेच वाळत टाकले.

सकाळी शर्ट हातात घेतला आणि माझा माझ्यावर विश्वास बसेना. सशाचं पिल्लू धरल्यासारखं वाटलं. दहा वर्षांत मायला जे जमलं नाही ते एका बाटलीनं एका रात्रीत केलं होतं. मी गाठोडं घेऊन उड्या मारत असोद्याला आलो.

"अक्का कशी हाये?" मायनं विचारलं.

"मजेत," मी म्हणालो. "पाणी लई जोरात होतं आज."

मायनं आकाशी शर्ट गालाला लावला. डोळे मिटले. दोन श्वास झाले. तीन झाले. चार झाले. गाल तसाच होता. मग तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मऊ झाला." मान मात्र हलवली नाही. मला वाटलं, थकली आहे.

आबांनी शर्ट घातला. दोन दिवस काही झालं नाही. दोन दिवस ते ओट्यावर बसून मला हाक मारत होते, हसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, दोरीवरचे कपडे वाजत असताना, ते आतल्या खोलीतून मायला म्हणाले, "जरा पाहाय व, पाठीले काय चिकटलं." शर्ट चिकटला होता. सुटत नव्हता. मायनं पाणी शिंपडून शिंपडून तो काढला. त्याला बराच वेळ लागला. मी दारात उभा होतो आणि आत जात नव्हतो.

नंतर माय पाणी तापवायला गेली तेव्हा आबांनी मला जवळ बोलावलं. ते पालथे होते, गाल उशीवर, एकच डोळा माझ्याकडे.

"धुळ्याच्या नळाले मोगऱ्याचा वास कधीपासून येते रे?"

मी त्यांच्या उशीची कड सरळ करू लागलो.

"पहिल्याच दिवशी आला मले वास," आबा म्हणाले. "वाटलं, पोरानं हौशीनं काहीतरी केलं. घालू."

"आबा, मी मायला सांगतो."

"नको. अजिबात नको." त्यांनी माझं मनगट धरलं. बॉयलरची चाकं फिरवलेला तो हात. "ती जन्मभर त्या गालाच्या भरोशावर चालली. गाल खोटा पडला म्हणून सांगशीन, तर ती उद्या कशावर भरोसा ठेवीन? उन्हानं झालं म्हण. ऊनच हाये यंदा."

मी उन्हानं झालं म्हणालो. माय म्हणाली, "व्हय. ऊनच हाये यंदा." अगदी तेच शब्द. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

आबा पाऊस येईपर्यंत पालथे राहिले आणि पाऊस आल्यावरही. पाठ मिटली, परत उघडली, परत मिटली. त्या पाठीवर पुन्हा शर्ट चढला नाही. पुढच्या वैशाखाला आबा नव्हते. डॉक्टरांनी बाटलीचं नाव घेतलं नाही, त्यांना बाटली माहीतच नव्हती. कदाचित ती कातडी नाहीतरी उघडणारच होती. मी प्रयोगशाळेतला माणूस आहे; एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, असं मीच मुलांना सांगतो.

तर परवा कपडे वाजले आणि मी गच्चीवर गेलो.

हल्ली माय आमच्याकडे असते. पंचाहत्तरी ओलांडलेली, वजन एका बादलीएवढं, आवाज दोन बादल्यांएवढा. घरात धुण्याचं यंत्र आहे, ते सगळ्यांचे कपडे धुतं, पण माझ्या बनियनी आणि शर्ट माय त्यातून काढून घेते. "तुझं ते यंत्र कापडाले चक्कर आनते," असं तिनं माझ्या बायकोला ऐकवलं, त्यावर बायकोनं दोन्ही हात वर केले. जिन्याखाली मायचं एक निळं पिंप आहे. नळ येतो त्या दिवशी ते आधी भरायचं, झाकायचं, आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. घरात प्यायला टँकरचं पाणी आणि त्या पिंपात नळाचं. मी भांडलो. ती म्हणाली, "मले लागते." विषय संपला.

जानेवारीत मी स्वतःला दोन शर्ट घेतले होते, चौकटीचे, जाड सुताचे. चार दिवसांत दोन्ही गायब. मग एके दिवशी प्राजूच कॉलेजला निघाली होती त्यातला एक घालून. बाह्या दुमडलेल्या, गुडघ्यापर्यंत लोंबणारा. मी ओरडलो तर म्हणते, "पप्पा, ओव्हरसाइज आहे हे. फॅशन आहे." मी आमच्या स्टाफरूममध्ये छाती फुगवून सांगितलं, की माझे शर्ट हल्ली तरुण पिढीत चालतात, मुंबईहून विचारणा झाली आहे. दोन-तीन जणांनी चहा पाजला.

गच्चीवर दोरीभर कपडे वाजत होते. चादरी, पँटी, बायकोचा ड्रेस, सगळे एकमेकांवर आपटत होते. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, वेगळ्या दोरीवर, एकच शर्ट होता. चौकटीचा. उलटा केलेला. तो वाजत नव्हता.

मागून प्राजू वाळलेले कपडे काढायला आली.

"हा इथं कुणी टाकला?" मी विचारलं.

"आजीनं." तिनं एक चादर दोरीवरून ओढली. "पप्पा, तुम्हाला सांगायचं नव्हतं. आजी म्हणाली, आठवड्यातून दोनदा घाल, घाम येऊ दे, मग मला दे. मला वाटलं म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी असेल."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून."

इथं माझा आवाज खाली आला आहे, हे वाचणाऱ्याला कळलं असेल.

माझ्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या खाली, एक फोड आहे. मला तो पहिल्यांदा लागला होळीच्या सुमारास, आंघोळ करताना. डास चावला म्हटलं. मग तो फुटला, आणि मिटेना. आता जुन्या रुपयाएवढा आहे. मी बनियनच्या आत रुमालाची घडी ठेवतो, खुर्चीला टेकत नाही, आणि कुणी विचारलं की मणक्याला सरळ बसणं चांगलं असतं यावर भाषण देतो. बायकोला सांगितलेलं नाही. दवाखान्यात गेलेलो नाही. कारण तिथं रक्तातली साखर तपासतील, आणि मग काय म्हणतील ते वाक्य मी दहा वर्षांचा असताना एकदा ऐकलेलं आहे.

मला होळीला कळलं. मायनं संक्रांतीला शर्ट जुने करायला घातले.

मी खाली आलो. माय जिन्याखाली पिंपाशेजारी पाटावर बसली होती, मांडीवर माझी बनियन. तिनं ती माझ्यापुढे धरली. पाठीच्या बाजूला, मोहरीच्या दाण्याएवढा, धुऊन धुऊन फिका झालेला पिवळट डाग.

"तिळगुळाच्या दिवशी दिसला पहिल्यांदा," ती म्हणाली. "रोज वाट पाह्यली तू सांगशीन म्हनून. आबासारखाच हायेस. कापडाले समजते, मानसाले समजत नही."

"माय, किरकोळ आहे. फोड आहे नुसता."

"व्हय. उन्हानं झाला असन."

तिनं मांडीखालून दुसरा चौकटीचा शर्ट काढला, घडी केलेला. "याले अजून सात-आठ महिने लागले असते. प्राजीले म्हटलं, जरा जोरात घाल पोरी, येळ कमी हाये. घे. उद्या सकाळी दवाखान्यात जाय, आन हा घालून जाय."

मी शर्ट घेतला आणि नकळत गालाला लावला. मऊ होता. आकाशी शर्टासारखाच, पलीकडचं दिसायला नुकतंच लागलेलं. दोन श्वास झाले. तिसरा श्वास मी जरा खोल घेतला, नाकानं, कापडात तोंड खुपसून. मला वाटलं माय बनियनची घडी करते आहे.

ती माझ्याकडेच बघत होती.

"वास नको घेऊ रे," ती म्हणाली. "यात बाटली नही टाकली मी."

वर गच्चीवर कपडे वाजत होते. मी तिच्यासमोरच पाठमोरा झालो, अंगातला शर्ट काढला, रुमालाची घडी काढून खाली ठेवली. मग मी तो चौकटीचा शर्ट चढवला आणि गुंड्या लावल्या.

पाठीला कुठंच काही लागलं नाही.